डाव्या कुशीवरची समाधी

कन्हेरी, मंगळवार

तीर्थरूप महिपतराव दाजींना, धाकटा मेव्हणा दत्तोबा याचा वाकून नमस्कार. तुमची प्रकृती, प्रयागआक्काचे गुडघे, गाभण गाय आणि नवा ट्रॅक्टर सगळं ठीक असेल अशी आशा करतो. (क्रम चुकला असेल तर तुमच्या मनातला लावून घ्या. ट्रॅक्टर पहिला येईल हे मला ठाऊक आहे.)

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. रविवारी फोनवर मी हीच हकीगत सांगत होतो. तुम्ही 'हं, हं' करत होता. मग हं थांबलं आणि पलीकडून लाकूड कापायची करवत सुरू झाली. ती मध्येच बंद पडली, आणि इतकी बंद की मी 'दाजी! दाजी!' म्हणून गोठ्यातली जनावरं उठवली. मग विहिरीत बुडालेला माणूस वर यावा तसा तुम्ही श्वास घेतलात आणि म्हणालात, "मग? पाटाला पाणी सुटलं का न्हाय?" तेव्हा ठरवलं की पत्रच लिहावं. आक्का वाचून दाखवेल, आणि तुम्ही झोपलात तरी पत्र कुठं जात नाही.

तर झालं असं. आमच्या देवळात सप्ताह बसला होता. दुपारची जेवणं झाल्यावर पोथी लागायची आणि मी माझ्या नेहमीच्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचो. (ऐकायचो असं मला वाटायचं.) एका दुपारी जाग आली तेव्हा कपाळाला बुक्का होता, गळ्यात हार होता, पायाशी केळी होती, आणि पोथी थांबवून सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. पलीकडच्या आळीतली भामाबाई हात जोडून सगळ्यांना सांगत होती, "दत्तोबाला समाधी लागली हुती. म्या सवता नाकाशी बोट धरलं. श्वास न्हाय! आन मग असा हुंकार सोडला की समई इझली!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, मी झोपलो होतो. पण दाजी, खरं सांगायचं तर मलाही वाटून गेलं की असेलही. इतकी वर्षं मी देवापुढं बसतो आणि काही मागत नाही, तर त्यानंच आपण होऊन काही दिलं असेल. दुसऱ्या दिवशी माझ्या खांबापाशी सतरंजी अंथरलेली होती. भामाबाईनं हरवलेल्या शेळीचं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत माझा डोळा लागला आणि मान उगवतीला पडली. ती उगवतीला गेली, आणि शेळी खरोखर तिकडंच सापडली! यानंतर माणसानं नम्र राहायचं तरी कसं?

नम्र केलं ते सुप्रियानं. म्हणाली, "ही समाधी मी लग्न झाल्यापासनं ऐकतीया. कुणाला न्यायची आसंल तर सतरंजीसकट न्या." आणि मला मोटरसायकलवर बसवून (मागं, हल्ली ती मला चालवू देत नाही) बारामतीला घेऊन गेली.

डॉक्टर उत्कर्षाबाई वयानं लहान, पण प्रश्न अचूक. सकाळी डोकं जड असतं का? बोलता बोलता झोप लागते का? रक्तदाब आहे का? प्रत्येक प्रश्नाला सुप्रिया माझ्या आधी 'व्हय' म्हणत होती. बाईंनी एक यंत्र दिलं, ते बोटाला आणि नाकाला लावून मी घरी झोपलो, आणि त्यातून निघालं की झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. बाई म्हणाल्या, आता हृदयाची सोनोग्राफी करू, इको. मी म्हटलं, खोड घशाची, मग हृदयाची चौकशी कशाला? तर म्हणाल्या, "काका, घसा मिटला की रक्तातला प्राणवायू उतरतो. हृदय दचकतं आणि जोर लावतं. फुप्फुसाकडं रक्त ढकलणारी उजवी बाजू दमते. रोजच दचकून दचकून त्याचं काय झालंय ते बघायला नको का?"

इकोची खोली म्हणजे अंधार, गारवा आणि मऊ गादी. डाव्या कुशीवर वळायचं आणि हात उशाला घ्यायचा. झोपेसाठी याहून चांगली सोय मी आजवर पाहिलेली नाही. तपासणाऱ्या ताईंनी छातीवर थंडगार जेल लावलं, त्यावर तपासायची दांडी टेकवली आणि समोरच्या पडद्यावर माझं काळीज आलं. दाजी, मी मान उचलून बघू लागलो. आपल्या पाटाच्या चारीच्या दारांसारखी आतली दारं उघडत होती, मिटत होती. ना पाणी सोडणारा पाटकरी, ना पाण्याची पाळी, ना भांडण. मी न सांगता हे आत कोण एवढं राबतंय? मी हात जोडायला गेलो तर ताई म्हणाल्या, "काका, हलू नका."

मग त्या म्हणाल्या, "श्वास सोडा आणि थांबा." मी थांबलो. "आता घ्या." मी घेईना. "काका, घ्या!" मी कुठला घेतोय, माझी समाधी लागलेली. ताईंनी डॉक्टरांना हाक मारली, बाहेर पळापळ झाली, आणि सुप्रिया बाकावरून न उठता म्हणाली, "घेत्याल, घेत्याल. जरा कळ काढा." तेवढ्यात मी हुंकार सोडला. जेलची बाटली खाली, ताई भिंतीला.

पण उत्कर्षाबाईंची नजर पडद्यावरच होती. घसा मिटून मी आतल्या आत श्वास ओढत होतो, तेव्हा हृदयाच्या दोन बाजूंमधला पडदा डावीकडं ढकलला जाताना त्यांना दिसला. "असं समोर बघायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या. (कुणाचं, ते मी विचारलं नाही.) हृदयाची भिंत थोडी जाड झाली आहे, उजवी बाजू जराशी फुगली आहे, फुप्फुसाकडच्या नळीतला दाब वाढलेला आहे. पण वेळेत आलात, म्हणाल्या. रोज घसा उघडा ठेवणाऱ्या हवेच्या यंत्राचा मास्क लावून झोपा, वजन उतरवा, पुष्कळ सुधारेल.

ते हवेचं यंत्र घरी आलं तेव्हा सुप्रियानं नव्या मोटरीची करतो तशी त्याची पूजा केली. नारळ यंत्रावरच फोडणार होती, तेवढ्यात मी मध्ये हात घातला. (यंत्र वाचलं. अंगठा सुजला आहे, अक्षर म्हणून असं.) आणि काल्याच्या दिवशी मंडपात उभा राहून मी सगळं खरं सांगून टाकलं. मग भामाबाई म्हणाली, "आजार तर आजार. शेळी घावली का न्हाय?" मात्र ज्यांचे कारभारी पोथीला पेंगायचे, त्या बायका प्रसाद घेताना सुप्रियाला हळूच दवाखान्याचा पत्ता विचारत होत्या.

आता मी मास्क लावून झोपतो. पोथी जागेपणी ऐकतो. कथा मला वाटत होती त्याहून बरीच वेगळी निघाली. घर इतकं शांत झालंय की सुप्रियालाच झोप येत नाही. उठून माझ्या नाकाशी बोट धरते.

थोरांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद आणि गाईला एक घास माझ्याकडून.

तुमचा,
दत्तोबा

ता.क. एक राहिलं. ऊसतोड सुरू होतेय. मागच्या हंगामात भिगवणच्या रस्त्याला तुमचा ट्रॅक्टर बाभळीला जाऊन टेकला, तेव्हा तुम्ही ब्रेकला दोष दिलात. मिस्त्री म्हणाला, ब्रेक नवा आहे. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी उत्कर्षाबाईंकडं तुमचं नाव लावलं आहे.

ता.क. पुन्हा. 'मला काय धाड भरलीय' म्हणू नका. आक्का तुमच्या छातीवर हात ठेवून पडते, हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही झोपलेले असता. तिचे गुडघे दुखतात ते वेगळं. तिची झोप तुम्ही नेली आहे.

ता.क. फक्त आक्कासाठी. दाजी आतापर्यंत झोपले असतील. (नसतील तर हे मोठ्यानं वाचू नकोस.) ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशातून काढून तुझ्या डब्यात ठेव, आणि गुरुवारी बारामतीहून परत येईपर्यंत देऊ नकोस. 'बारामतीला कशाला' असं विचारलं तर सांग, दत्तोबाला सोबत हवीय, दवाखान्यात एकट्याला भीती वाटते. तेही खोटं नाही. मात्र आता त्यांचा श्वास थांबलेला असेल, तर आधी त्यांना हलव. किल्ली मग.