नमुना फ्लॅटमधली झोप

चि. पप्पू, हसनाबादहून बद्रीनाथ काकाचा तुला आणि सूनबाई शीतलला पोटभर आशीर्वाद. इकडं तुझी दुर्गाकाकू आणि मी खुशाल आहोत. तुझा खोकला गेला का? (न्हाई गेला तर दोष कारखान्याच्या धुराला दे. सिगारेटचं नाव मी काकूजवळ अजून काढलेलं न्हाई.)

तुम्ही दोघं जालन्यात पहिलावहिला फ्लॅट पाहून राह्यले, असं कळालं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हो काका, हो काका' करतोस आणि मागून टीव्हीचा आवाज येतो. म्हणून लिहून पाठवतो. या विषयात मला अक्कल कशी आली, ते आधी ऐक.

गेल्या एप्रिलात आमची शालू आणि भुजंगराव जावई असेच जालन्यात फ्लॅट पाहायला निघाले. वडीलधारं माणूस सोबत असावं म्हणून मला बोलावलं. एस्टीतून उतरल्या उतरल्या शालूनं बजावलं, "बाबा, तिथं काही बोलायचं न्हाई. बैलबाजार न्हाई तो." मी कबूल झालो. इमारतीचे तेव्हा नुसते खांब उभे होते, पण शेजारी त्यांनी एक नमुना फ्लॅट सजवून ठेवला होता. (बियाण्याच्या पाकिटावर कपाशीचं चित्र असतं ना, तसा. तेवढी बोंडं कोणाच्या रानात लागलेली मी तरी पाहिली न्हाईत.) आत गारेगार एसी, भिंतीभर आरसे, आणि टाय लावलेला एक सेल्समन. आरशांमुळं हॉल दुप्पट दिसत होता आणि सेल्समनही दोन. आज बुकिंग केलं तरच पूर्वेचा कोपरा मिळंल, उद्याचं सांगता येत न्हाई, असं तो घडीघडी म्हणून राह्यला. भुजंगरावांनी मनातल्या मनात टीव्ही टांगला. शालूनं पडद्यांचा रंग ठरवला. जावयांनी चेकबुक काढलं. मला कोणी काही विचारत नव्हतं. शिवाय मी सगळ्या रस्त्यानं उभा आल्तो. मंग आतल्या खोलीत गेलो, मऊ पलंग दिसला, जरा टेकलो आणि लागला डोळा.

तेवढ्यात शहागडच्या कोणी तुळजाबाई मुलगा-सून घेऊन फ्लॅट पाहायला आल्या. सेल्समननं मोठ्या हौसेनं बेडरूम दाखवली, तर आत मी. गडी हुशार. म्हणाला, "बघा, इथल्या हवेत माणसाला कशी शांत झोप लागते!" तुळजाबाई म्हणाल्या, "झोप लागली ते बरंच झालं. पण ह्यांचे पाय पलंगाबाहेर कशामुळं?"

या आवाजानं मी जागा झालो. पाहतो तर खरंच, नडग्यांपासून पुढं मी हवेत. आता आपल्या घराण्यात उंच कोणीच न्हाई, हे तुला ठाऊक आहे. (तू व्हॉलीबॉलच्या टीममध्ये राखीवच राहिलास.) भुजंगराव धावत आले, एकदा माझ्या पायांकडं पाहिलं आणि बुटांसकट माझ्या शेजारी आडवे झाले. त्यांचे तर गुडघेच बाहेर. सासरा-जावई एका पलंगावर आडवे आणि परक्या गावची माणसं पाहून राह्यलेली, असा प्रसंग आपल्या सोयऱ्यांत आधी कोणावर आलेला न्हाई. पलंग मुद्दाम आखूड बनवला होता, खोली मोठी दिसावी म्हणून.

शालूनं विचारलं, "आमचा पलंग इथं मावंल का?"

"मावंल ना, मॅडम," सेल्समन म्हणाला. "फक्त मंग दार उघडणार न्हाई."

भुजंगरावांनी चेकबुक खिशात घातलं. आम्ही बसस्टँडवर आलो. शालूचे डोळे भरून आल्ते, पडद्यांपर्यंत जाऊन परत यायला जड जातं माणसाला. मंग चहा पिता पिता जावयांना एकदम हसू फुटलं आणि आम्ही तिघंही लोकांनी वळून पाहावं इतके हसलो.

पुढं त्यांनी तयार इमारतीतला फ्लॅट आधीच्या मालकाकडून घेतला. घेण्याआधी ऐन मे महिन्यात शालूनं जिन्यात बसलेल्या बायांना पाणी कधी येतं ते विचारलं. कागद आपल्या वकिलाला दाखवले, बिल्डरच्या न्हाई. तेव्हा तुलाही एवढंच सांगणं, की चटईक्षेत्र, म्हंजे भिंतींच्या आतली जागा, किती ते करारात लिहून घे, राहायच्या परवानगीचं भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघ, आणि जो जल्दी करा म्हणंल त्याला लांबून नमस्कार कर.

तुझा काका,
बद्रीनाथ

ता. क. जमलं तर एक खोली जास्तीची बघ, आणि तळमजला बघ. उगंच म्हणतो. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर जालन्यात करायचं ठरून राह्यलं. शालूकडं उतरलो असतो, पण ती तिसऱ्या मजल्यावर, आणि फ्लॅट घेतला तेव्हापासून तिथली लिफ्ट बंद आहे. (हे वर लिहायचं राहिलं.)

ता. क. पप्पू, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मी दुर्गाकाकू लिहिते. ऑपरेशन माझं न्हाई, ह्यांचं आहे. भ्यायलेत, म्हणून माझं नाव पुढं केलं. मी तर कालच गच्चीवर मिरच्या वाळू घालून आले. तुम्ही फ्लॅटची घाई करू नका, आहे त्या भाड्याच्या घरात आम्ही मावू. फक्त फोन करून तूच "काका, या" म्हण. आणि तेवढा वेळ टीव्ही बंद ठेव.