झटकलेलं शेवाळ

वसुधाताई, हायडेलबर्गहून तुझ्या भटक्या भावाचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. एका संग्रहात जुनी पत्रं स्कॅन करायचं काम मिळालंय. व्हिक्टोरिया राणीच्या काळचे इंग्रज शास्त्रज्ञ इथल्या मित्रांना आपलं संशोधन कळवायचे. कुणाचं आधी छापून आलं यावरून रुसायचेही! वाचत बसलो की काम राहतं.

काल एका पाकिटातला कचरा मी खिडकीबाहेर झटकला, आई सूप झटकते तसा. मग पत्र वाचलं: "सोबत शेवाळ पाठवतोय, माझ्या म्हणण्याचा हाच पुरावा."

आमच्या संग्रहाच्या प्रमुख फ्राऊ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई, एवढंच म्हणाल्या, "आल्झो, तर मग, मीच आधी सांगायला हवं होतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

आईचे गुडघे कसे आहेत? बाबांना यातलं काही सांगू नकोस.

उद्या तेच शेवाळ बघायला आखनहून एक संशोधक बाई येताहेत. त्यांना दार मलाच उघडायचंय.

तुझाच,
ओजस