भुऱ्याचं वजन आणि तुमचं

बाबा,

मी भुऱ्याले घेऊन देवरीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन राहिली. त्याचं वजन उतरवाले मी आणलेला मुनग्याच्या (शेवग्याच्या) पानाच्या आन जवसाच्या भुकटीचा जो डबा तुम्ही काल माळ्यावर फेकला, तो मी खाली काढला. आता खालीच राहू द्या.

काल गिरणीच्या काट्यावर तुम्ही कुत्र्याले उचलून उभे राहिले, तर दोघांचं मिळून एकोणऐंशी किलो भरलं. उन्हाळ्यात ऐंशी होतं. तीन महिने पाला चारून एकच किलो उतरला म्हणून तुम्ही चार लोकांत मले हसले. आज सकाळी मी त्याले एकट्याले पोत्यात बसवून मोजलं. उन्हाळ्यात एकटा अठ्ठावीस भरला होता, आता तेवीस झाला. मापाऱ्याले मी दोनदा पाहाले लावलं.

मंग काल एकच किलो काऊन कमी दिसला? चार किलो तुमच्या अंगावर चढले, बाबा. आई गेल्यापासून तुमच्या ताटातला अर्धा भात त्याच्या पोटात जात होता, मले दिसत होतं. आता भुकटीनं त्याचं पोट भरते, तो ताटापाशी येऊन बसत नाही.

भात झाकून ठेवला आहे. पुरा खा. कुत्रा माझ्यासंग आहे.

पुष्पांजली