गाडीपुढे तीन, होडीपुढे दोन

॥ श्री ॥
पालघर,
ता. ४ सप्टेंबर १९६६

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. आमचा पोस्टमन जिन्याखाली उभा राहून ते मोठ्याने वाचतो. मजकूर नव्हे, नुसतं नाव. ‘गंगाभागीरथी वत्सलाबाई’, असं पुरतं उच्चारून. मग खालच्या नलूला, गिरणीवाल्याला आणि माझ्या वर्गातल्या दोन मुलींना ते नव्याने कळतं. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, आता कुणाला कळायचं राहिलेलं नाही. पुढच्या वेळी ती ‘गं. भा.’ ही दोन अक्षरं वगळता आली तर पाहा. रागावू नका.

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. मे महिन्यात ट्रंक उन्हात टाकली, तेव्हा तळाच्या कागदाखाली कॅलेंडरचं एक पान सापडलं. पाठीमागे त्यांच्या अक्षरात सहलीचा बेत आहे. पहिल्या दिवशी म्युझियम आणि गेटवे. दुसऱ्या दिवशी मत्स्यालय, म्हातारीचा बूट, संध्याकाळी चौपाटी. तिसऱ्या दिवशी परतताना विरारला उतरून अर्नाळा, तिथून होडीने बेटावर, किल्ला आणि वाळूत जेवण. खाली लिहिलंय, गाडी तीन, होडी दोन. कुणालाही वाटेल की आकडा चुकला. मला तसं वाटत नाही, पण ते असो.

दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघींनी जावं असं मला वाटतं. गेल्या दिवाळीत सहा घरचा फराळ आला. रिकामे डबे कसे परत करायचे म्हणून प्रत्येकात साखर घातली, आणि पाडव्याला चहाला साखर उरली नाही. यंदा मला खोलीत राहायचं नाही. एकटीने जाण्याचा धीर नाही. तुम्ही हो म्हणा.

तुमची,
वत्सला


॥ श्री ॥
तारापूर,
ता. १२ सप्टेंबर १९६६

चि. गं. भा. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद.

पाहा, हात आपोआप गेला. तीस वर्षं मी ही अक्षरं वागवते आहे. ती गाळून लिहिलं, की पदर न घेता दारात आल्यासारखं वाटतं. पोस्टमनला सांग, घसा बसेल.

तुझा बेत हिराला वाचून दाखवला. ती दारात मासळीची पाटी टेकून ऐकत होती. म्हणाली, की नर्मदाबाय, तुमच्या दारात समिंदर हाय नि तुमी समिंदर बघाया इरारला जाताव, येडं लागलं का. मत्स्यालय म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा तर बसकणच मारली. काचेत मासे ठेवतात आणि लोक रांग लावतात, मग माजी पाटी कोन का बघत नाय, म्हणाली.

तुझ्या त्या आकड्यांचं सांगते. चूक नाही ती. गाडीत तीन म्हणजे कमू, तू आणि मी. होडीत दोन म्हणजे तू आणि मी. कमू होडीत पाय ठेवायचा नाही. नऊ वर्षांचा असताना मी त्याला हिराच्या बापाच्या होडीतून खाडीपलीकडे नेलं होतं. मधोमध पाणी हललं आणि हा माझा पदर तोंडात धरून ओकला. त्यानंतर कुणी होडी म्हटलं, की लांबच्या रस्त्याने चालत जायचा. तुला बोलला नसेल. बायकोला कोण सांगतो. तो किनाऱ्यावर डबे राखत बसला असता आणि आपण दोघी बेटावर गेलो असतो. आई गेल्यावर मी वाढवलं त्याला, मला त्याचे आकडे कळतात.

यायचं म्हणतेस तर येईन. गुडघ्याचं बघू.

इकडे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर जाणाऱ्या ट्रकांमुळे अंगणात धूळ बसते. बोईसरच्या एस.टी.त निम्मी माणसं हिंदी बोलतात. परवा एकाने मला माताजी म्हणून जागा दिली. मला इतकं म्हातारं कुणी केलं नव्हतं.

प्रकृतीस जपणे. तेल लावत जा.

नर्मदा


तारापूर,
ता. ६ ऑक्टोबर १९६६

चि. गं. भा. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बरं नाही का? पालघरला जाणाऱ्या एकनाथ मास्तरांना तुझी चौकशी करायला सांगितलं. ते म्हणाले, की बाई शाळेत येतात, शिकवतात आणि खाली बघून घरी जातात.

काल कमूचं पान वाढलं. कावळा लवकर शिवेना. मी म्हटलं, वत्सला पत्र लिहीत नाही, तिची काळजी मी करीन, तू जेव. मग शिवला. तेव्हा आता लिही. दोन ओळी लिही, पण लिही.

नर्मदा


पालघर,
ता. १० ऑक्टोबर १९६६

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

क्षमा करा. आजारी नव्हते.

ते पान जानेवारी १९६२ चं आहे. तेव्हा मला तिसरा महिना होता. तुम्हाला कळवलं नव्हतं. पाचव्यात कळवू म्हणत होतो, आणि चौथ्यातच कळवण्यासारखं काही उरलं नाही. त्यावर आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही. ते कचेरीत जात, मी शाळेत जाई.

मे महिन्यात पान सापडलं आणि मी तीनचा आकडा पाहिला. मला वाटलं, त्यांनी ते मूलही धरलं होतं. न बोलता, एका जागी लिहून धरलं होतं. होडीत दोन, कारण तिसरं माझ्या मांडीवर. एवढ्या लहान मुलाला गाडीतही तिकीट नसतं, हे काय मला ठाऊक नाही? पण तो प्रश्न मी कधी विचारला नाही. सगळा पावसाळा मी त्या आकड्यावर काढला. शाळेतून येऊन कुलूप उघडताना वाटायचं, आत काहीतरी आहे.

तुमचं पत्र आलं आणि ते उठून गेलं. दोष तुमचा नाही. तुम्ही खरं तेच लिहिलंत, आणि ते होडीला भीत हे ऐकून मला हसूही आलं. दहा वर्षांत मला ते कळलं नाही.

आता जावंसं वाटत नाही. तो बेत तुमच्यासाठी होता, तुम्ही कुणाला तरी घेऊन जाऊन या. पान पाठवून देईन.

वत्सला


तारापूर,
ता. २६ ऑक्टोबर १९६६

चि. गं. भा. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवस हे पत्र लिहिते आहे. दसऱ्याचं सोनंसुद्धा कुणाला दिलं नाही.

पान पाठवू नकोस. मी तुला खोटं लिहिलं. होडीची भीती खरी, खाडी खरी, पदर खरा. पण कमूने मला मुंबईला नेण्याचं कधी विचारलं नव्हतं. दहा वर्षांचा असताना एकदा म्हणाला होता, की मोठा झालो की तुला राणीच्या बागेत नेईन. पुढे नोकरी लागली, तू आलीस, पालघरला बिऱ्हाड झालं. तो परत बोलला नाही आणि मीही आठवण दिली नाही. सणाला यायचा, माझ्यापुढे लुगडं ठेवायचा, दुपारच्या एस.टी.ने जायचा.

तुझ्या पत्रात तीनचा आकडा वाचला आणि वाटलं, विसरला नव्हता. मग काय, मीच त्या गाडीत चढून बसले, आणि जागा कुणाची आहे ते विचारलं नाही. तुला ठणकावून लिहिलं, की मला त्याचे आकडे कळतात. काही कळत नाहीत मला.

तू दिवसांत होतीस तेव्हा मी इकडे पापड वाळवत होते. मला कळलं असतं तर तुझ्या उशाशी बसले असते. तेही आता करता येत नाही.

तो आकडा कुणाचा हे सांगायला तो नाही. तू म्हणतेस तसंच असेल. नसेल असं मी पुन्हा म्हणणार नाही.

पण जाऊ या, वत्सला. मीही त्या खाडीच्या दिवसानंतर होडीत बसले नव्हते. भीती त्याची म्हणून सांगते, तेवढीच माझीही. परवा हिराला म्हटलं, मला सवय कर. तिने हात धरून बसवलं. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणू लागले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, की नर्मदाबाय, डोलं उघडा, होडी अजून दोरीलाच हाय. सगळं बंदर हसलं. मग खरंच सोडली आणि खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन आणली. नाही ओकले.

ती सांगते, अष्टमीला जा, पौर्णिमा-अमावस्येला पाणी उधाणाचं असतं. अष्टमीला भांगाचं पाणी, गरीब असतं. कुठली अष्टमी ते नीट लिही, नाहीतर मी शुद्धातली धरीन आणि तू वद्यातली.

नर्मदा


पालघर,
ता. ५ नोव्हेंबर १९६६

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्तिक शुद्ध अष्टमी, रविवार, ता. २०. त्या दिवशी अर्नाळा. आधीचे दोन दिवस मुंबई. उतरायला गिरगावात, आमच्या शाळेतल्या चंद्रकांताबाईंच्या मामींकडे. म्युझियममधला एक भाग गाळून राणीची बाग घातली आहे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीला बोईसरला बायकांच्या डब्यात बसा आणि खिडकीतून हात बाहेर ठेवा. मी पालघरला फलाटावर असेन. दशम्या मी करते, तुम्ही फक्त लिंबाचं लोणचं आणा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा होडी दोरीला बांधलेली होती तिथे आले आणि एकटीच मोठ्याने हसले. खालून नलूने विचारलं, की कोण आलंय बाई. मी म्हटलं, आमच्या वन्सं.

वत्सला


तारापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९६६

चि. वत्सला,
अनेक आशीर्वाद.

वर दोन अक्षरं लिहायची विसरले नाही. पोस्टमनला म्हणावं, आज एवढंच.

लोणचं बांधलं. हिराने सुकट बांधून दिली होती, ती परत केली तर रुसली, म्हणाली, की तिकडच्या काचंतल्या माशांना दावा, घरची मानसं भेटतील.

गुडघा बरा आहे. हात खिडकीबाहेर ठेवीन, ओळखायला त्यात कमूचा जुना निळा रुमाल धरीन.

ते पान बरोबर घे. अर्नाळ्याला होडीवाला विचारील, की किती माणसं. तू सांग. तू जो आकडा सांगशील त्यावर मी मान हलवीन.

बाकी सारं भेटीत. भेट होते आहे, म्हणून लोभ मागत नाही.

तुझी,
नर्मदा