सहा नंबरच्या कॅसेटवरचा शेरा

१२ सप्टेंबर २०००, मंगळवार

सोळा! तीनदा मोजलं, तीनदा सोळाच. ज्येष्ठतेच्या यादीत माझा नंबर सोळावा. आणि ऑफिसात आज जो तो एकच सांगतोय — एक नोव्हेंबरला मध्य प्रदेश तुटला की ग्वाल्हेरच्या ऑफिसातला दर चौथा माणूस छत्तीसगढला. चार, आठ, बारा, सोळा. आदेश कुणीच पाहिलेला नाही, पण सगळ्यांना तो पाठ आहे.

कान्होजी सतरावा. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर आहे. डबा खाताना म्हणाला, "मुकुंदराव, मी सुटलो म्हणा, पण तुमचं फार वाईट वाटतं." वाईट वाटता वाटता माझ्या डब्यातल्या कोथिंबीरवड्या मात्र संपवल्या.

विमलला सांगितलेलं नाही. बायकोला माझा चेहरा वाचता येतो, म्हणून जेवताना तोंडासमोर पेपर धरला. पेपर कालचा होता.

१४ सप्टेंबर

गोविंद आज आपणहून बोलला — "बाबा, पंखा बंद करू?" जूननंतर ही दुसरी वेळ.

जूनमध्ये चिरंजीव बी.कॉम.ला नापास झाले आणि मी त्याचा ॲम्प्लिफायर — गिटारचा आवाज मोठा करणारी ती पेटी — कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला. गिटार राहू दिली. पेटीशिवाय ती डासासारखी गुणगुणते. वाटलं होतं, आठ दिवसांत येऊन माफी मागेल. एकवीस वर्षांचा आहे, माझ्यावरच गेलाय. आला नाही.

आणि आता मीच जायचा की काय? रायपूरला! घरात मुलाशी बोलणं नाही, तिथून काय पत्रं लिहिणार?

१७ सप्टेंबर, रविवार

गच्चीवरच्या खोलीत आज कडाक्याचं भांडण. गोविंद आणि त्याचा मित्र बळवंत — नया बाजारात ज्यांचं कॅसेटचं दुकान आहे, त्यांचा मुलगा. विषय काय, तर आजच्या घडीला जगातले सगळ्यांत मोठे रॉक गिटारवाले कोण, आणि कोणाचा नंबर कितवा. जिन्यात उभा राहून ऐकलं. नावं माझ्या जिभेवर चढत नाहीत, म्हणून भिंतीवरच्या फोटोंवरून मीच नावं पाडली आहेत. जटाधारी, टोपीवाला, काळा चष्मा, म्हातारा.

बळवंत म्हणत होता, "जटाधारीची — " नाही, तो खरं नाव म्हणाला — "उसकी स्पीड देख यार, एका सेकंदात वीस सूर."

"स्पीडचं काय लोणचं घालायचंय?" गोविंद म्हणाला. "बुढ्ढा एकच सूर लावतो, और रोंगटे खड़े."

मला राहवलं नाही. जिन्यातूनच म्हणालो, "वीस सूर मोजत कोण बसलंय? समेवर नीट येतो का ते सांगा." मग बळवंत म्हणाला, "काका, आप अंदर आओ ना."

जूननंतर पहिल्यांदा त्या खोलीत बसलो. खुर्ची गोविंदने पुढे केली. बोलला नाही, पण पुढे केली.

१८ सप्टेंबर

पंच मी! दोघांचं जमत नाही, म्हणून म्हणे काकांनी ठरवावं. ज्याने आयुष्यभर वडिलांचे ख्याल ऐकले आणि तानसेन समारोहात सतरंजीवर कंबर धरेपर्यंत बसला, त्याला ही मुलं जटाधाऱ्याचा न्याय करायला लावतायत. हो म्हणालो. का म्हणालो ते मला ठाऊक आहे.

अटी मात्र माझ्या. खात्याच्या परीक्षांचे पेपर मी तपासलेले आहेत. कॅसेटवर नाव नको, फक्त नंबर. नाव मोठं दिसलं की कान आधीच नमस्कार घालतो. प्रत्येक कॅसेटवर शेरा लिहीन, खाली सही करीन. शेऱ्याशिवाय नंबर देणं म्हणजे कारण न लिहिता अर्ज फेटाळणं. निकाल दसऱ्याला.

गोविंदने बळवंतकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाला. "नंबर टाकतो. पण शेरा खरा लिहायचा, बाबा."

मला काय खोटा लिहिता येतो?

२० सप्टेंबर

सात कॅसेट आणि एक वॉकमन, वर्तमानपत्रात गुंडाळून. बळवंतने आणून दिले. त्याला पोचवायला इंदरगंजच्या चौकापर्यंत गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, रायपूर कसं आहे रे? त्याचा मामा तिकडे असतो, मागे एकदा म्हणाला होता.

"मामा का वहाँ ऑर्केस्ट्रा है काका. लग्नं, पार्ट्या. आता तर राजधानी होतेय, त्याला दम घ्यायला फुरसत नाही."

एकट्या माणसाला खोली मिळेल का, शाकाहारी घर असावं, पाणी वर येत असावं. "आपके लिए?" त्याने विचारलं. मी म्हणालो, एका ओळखीच्यासाठी. मामाला पत्र टाकतो म्हणाला. घरी येईपर्यंत पस्तावलो. यादी लागलेली नाही आणि मी खोली शोधतोय! अपशकुन तो हाच.

२३ सप्टेंबर

दोन नंबर ऐकला. हाच बहुधा वीस सुरांवाला. समोरच्या ढोलवाल्याला तोंड उघडू देत नाही. शेरा — हात आहे, कान नाही.

२७ सप्टेंबर

दुपारच्या सुट्टीत टेबलावरच वॉकमन लावून बसतो. कान्होजीने विचारलं, "भजनं का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "चांगलं आहे, या दिवसांत देवाचं नाव घ्यावं."

तीन नंबर चारदा ऐकला. हा थांबतो. सूर लावून थांबतो, आणि त्या थांबण्यात बाकीचं सगळं वाजून जातं. हा म्हातारा असणार. वडील वरच्या षड्जावर असेच थांबायचे. बाकी घरात कुणी हलायचं नाही. गिटारवर हे होतं हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं.

सहा नंबर विचित्र आहे. साथीला ढोल नाही, काही नाही, नुसती गिटार. मागे एक कुत्रं भुंकतं — विलायतेतही भुंकत असणार. आवाज बारीक, दाराला कडी लावून वाजवल्यासारखा. पण मधे एक जागा अशी घेतली आहे की मी टेबलावर बोटाने दाद दिली, आणि कान्होजी म्हणाला, "कोणता अभंग?"

१ ऑक्टोबर, रविवार

आज काही ऐकलं नाही.

छप्पन्न सालचं सारखं डोळ्यांपुढे येतंय. मध्य भारत मोडला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. वडिलांच्या ऑफिसची दप्तरं ट्रकात भरली आणि दप्तरांच्या मागून वडील गेले. मी दहा वर्षांचा. आधी शिंदे सरकारची चाकरी, मग मध्य भारताची, मग हे. आजोबा म्हणायचे, आपण पाटी बदलतो, टेबल नाही. त्या वेळी टेबलही गेलं.

मग वडील दिवाळीला यायचे, गणपतीला यायचे. पाहुण्यासारखे. रोज संध्याकाळी मला समोर बसवून पलटे घोटून घ्यायचे, ते बंद झालं. सुट्टीत आले की विचारायचे, "करतोस ना रियाज?" मी हो म्हणायचो. दोघांनाही माहीत होतं. माझं गाणं तिथेच राहिलं, चौथ्या रागावर.

आज मी गेलो तर गोविंदला मीही तसाच दिसेन. वर्षातून दोनदा येणारा, पिशवीत मिठाई आणणारा माणूस. निदान वडिलांनी माझी पेटी कुलपात ठेवली नव्हती.

विमलला शेवटी सांगितलं. म्हणाली, "मला बारा तारखेलाच कळलं. तुम्ही पेपर उलटा धरला होता." उलटा नव्हता, शिळा होता. पण वाद घातला नाही.

६ ऑक्टोबर

शेरे लिहून झाले. फुलस्केप कागद, समास सोडून, शाईने. पहिला तीन नंबर, दुसरा एक, तिसरा सात. सहाला कितवा द्यायचा यात संध्याकाळ गेली. हात पाहिला तर वर जायला हवा, पण हिंमत पाहिली तर खाली. शेवटी चौथा.

८ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिलं नाही, आज लिहितो.

काल दसरा. दोघं सोनं द्यायला आले, पाया पडले. गोविंदही पडला. मग मी चष्मा लावून निकाल वाचला. सहावर आलो तेव्हा माझा आवाज चांगलाच चढलेला होता. इथे जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे मला विसरता येणार नाही —

"कॅसेट क्र. ६. हात तयार. घाई आहे. आवाज दबका, घरात कुणी ऐकेल या भीतीने वाजवल्यासारखा. याने गाव सोडून चार अनोळखी माणसांपुढे वाजवावं, त्याशिवाय भीड जाणार नाही. क्रमांक चौथा."

बळवंत उडालाच. "काका, चौथा! तीन जगप्रसिद्ध लोकांच्या वर लावलं आपने इसको!"

"कोणाला?"

त्याने गोविंदकडे बोट केलं.

त्या कुत्र्याचा आवाज मला ओळखू यायला हवा होता. रोज सकाळी मीच त्याला पोळी टाकतो.

मी म्हणालो, "तुझा आवाज... असा दबका का?" असं कसं विचारलं मी! तो शांतपणे म्हणाला, "पेटी कपाटात आहे ना, बाबा." रागाने नाही. पेटी कपाटात आहे, एवढंच. मग विचारलं, "हा कागद मी ठेवू?" ठेव म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

११ ऑक्टोबर

दोनदा कपाटापर्यंत गेलो. कुलूप काढायला दोन सेकंद लागतात. पण काढून म्हणायचं काय? चुकलो? आणि परवा रायपूरचा हुकूम आला तर? पेटी देऊन निघून जाणारा बाप. यादी लागू दे, मग काढीन.

भित्रा तो नाही, मी आहे.

१६ ऑक्टोबर

यादीतल्या नऊ नंबरवाल्यांनी गुडघ्यांमुळे मुदतीआधी निवृत्ती मागितली. मंजूर झाली तर मी पंधरावा. आणि सोळावा कान्होजी. आज त्याने माझ्या डब्यातलं काही घेतलं नाही. ऐकतो की काल संध्याकाळी तो नऊ नंबरवाल्यांच्या घरी गेला होता, गुडघ्याचं तेल घेऊन.

२१ ऑक्टोबर

निवृत्ती मंजूर. बळवंत सांगून गेला की मामाने खोली बघितली आहे. दुसरा मजला, शाकाहारी मालक, नळ वरपर्यंत. "तुमच्या ओळखीच्याला सांगा." सांगतो म्हणालो.

२६ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

देवीपुढे बसून मनात काय मागितलं ते लिहिणार नाही. कान्होजीचं नाव त्यात होतं.

३० ऑक्टोबर, सोमवार

यादी लागली. मी नाही! कान्होजी आहे.

तो यादीसमोर बराच वेळ उभा होता, मग माझ्याजवळ आला. म्हणाला, "मुकुंदराव, तुमचं वाईट वाटलं होतं ते खरंच वाटलं होतं." त्याला चहा पाजला. माझं ग्वाल्हेर त्याच्या जिवावर राहिलं, हे दोघांनाही कळत होतं.

टेम्पोत बसलो तरी माधवगंजच्या अलीकडेच उतरलो आणि चालत आलो, जवळजवळ पळतच. चपला न काढता कपाट उघडलं. पेटीवर धूळ होती, धोतराच्या सोग्याने पुसली. गोविंदच्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हणालो, "जोड." त्याने जोडली. चुकलो हा शब्द निघाला नाही, पण किल्ली त्याच्या हातात दिली. ती त्याने मुठीत धरून ठेवली.

मग वाजवलं. सहा नंबरमधली तीच जागा. अख्ख्या गल्लीत ऐकू गेली. विमल खालून ओरडली की भांडी हलतायत. मी जिन्यात बसून ऐकलं. चार महिने वाया घालवले मी. पण आता घाई नाही. आता मी इथे, तो इथे. रोज संध्याकाळी थोडं बसता येईल. थांबायचं कसं ते मी त्याला सांगेन, वडिलांनी सांगितलं होतं तसं.

१ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी चहाला गोविंदने सांगितलं. पाच तारखेला निघतोय, रायपूरला. बळवंतच्या मामाच्या ऑर्केस्ट्रात गिटार. बी.कॉम. तिकडून बाहेरून देईन म्हणाला. राहायला दुसऱ्या मजल्यावरची ती खोली — मी माझ्यासाठी बघून ठेवलेली.

मी काही बोलायच्या आत कागद पुढे केला. "तुम्हीच लिहिलंत ना, बाबा. मला आजवर कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं." घडीवर घडी पडून मऊ झालाय. खाली सही माझीच.

विमल एवढंच म्हणाली, "दर चौथा म्हणत होतात ना. चौथा तुम्हीच दिलात."

पेटी मीच बांधून देतोय. गाठ नीट बसत नाही, दोनदा सोडली.