पगार लागेल, म्हणाला होतात

गुरुजी, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आठवीच्या वर्गातली ती दुपार माझ्या अंगातून जात नाही. बाबा होडीवरून थेट शाळेत आलेत, अंगाला मासळीचा वास, म्हणून दारातच उभे आहेत. "गुरुजी, पोराचं पुढे काय करू?" तुम्ही माझीच वही तपासताय. मान वर न करता म्हणता, "पाय असे. रोज घाटी चढवून कशाला आणताय? घरी बसवा. सरकारी पगार लागेल, आयुष्य निघेल." त्या वहीत एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. तुम्ही बरोबरची खूण केलीत आणि मला घरी पाठवलंत.

अपंगांच्या पेन्शनला आपल्याकडे पगारच म्हणतात. पगार कामाचा असतो, गुरुजी. माझं काम म्हणजे मी जिवंत आहे आणि गरीब आहे, हे दरवर्षी दाखल्यांनिशी सिद्ध करणं. त्यात गॅस आणि आईची औषधं येतात, तांदूळ येत नाही. कधी दोन-तीन महिने तो जमाच होत नाही. मग दुकानदार विचारतो, "काय सायेब, पगार झाला की नाय?" आणि बाकड्यावरचे हसतात. म्हणून मी रत्नागिरीत तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. प्रत्येक कागद चारदा तपासतो.

सोमवारी तुमच्या घरच्या काकू आल्या. तुमचा मुलगा मोटरसायकलवरून पडला, कमरेखाली जाणीव नाही. मी त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "तुला मिळतो ना रे? भागतं त्यात?" मी म्हटलं, "गुरुजी म्हणायचे, आयुष्य निघतं." त्यांचा उतरलेला चेहरा मी पोटभर पाहिला. मग कागद पाहिले. आधारवर मुलाच्या नावात दीर्घ वेलांटी, अपंगत्वाच्या दाखल्यावर ऱ्हस्व. एवढ्यावरून अर्ज परत येतो आणि माणूस सहा महिने लटकतो. मला दिसलं. मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे काकू, आत देऊन या."

उद्या अर्ज तपासणीला जातील. आज कळवलं तर कागद बदलता येतील. सहा महिने तुमच्या चुलीवर काय शिजतं, ते तुमच्या माणसांना कळू दे, असं मला वाटतं, अजूनही वाटतं. हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकलं तर काकूच उघडतील, म्हणून टाकणार नाही. मघापासून तीनदा त्यांचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. त्या रागावल्या तर मला चालेल. त्या माझे आभार मानतील, याची भीती वाटते.