किनाऱ्यावरचा तुझा वाटा

आई, आज इथल्या वृद्धाश्रमात एक म्हातारी माझ्यावर ओरडली आणि मला तू आठवलीस. तू कधी कुणावर ओरडली नाहीस, म्हणूनच आठवलीस बहुतेक. झालं एवढंच, की दुपारी तीन वाजता सगळ्यांना कॉफीबरोबर केक देतात, त्यात तिचा तुकडा द्यायचा राहून गेला. ती काठीवर जोर देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझा तुकडा कुठे आहे? तो माझा आहे." मी माफी मागितली, धावत जाऊन आणून दिला. तिने आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. मी मात्र भांडी आवरायच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

तू नेहमी फोनवर विचारायचीस, "जर्मनीत काय हाय गं एवढं?" मी थंडीचं सांगायचे, बर्फाचं सांगायचे, आणि तू म्हणायचीस, "म्हंजे मासली चांगली टिकत असेल." जे खरं सांगायचं होतं ते तेव्हा मलाच उमगलं नव्हतं. इथे म्हातारपणी हात पसरावा लागत नाही, आई. नवरा गेलेल्या बाईला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, ती कुणाच्या हातून आली हे तिला माहीत नसतं, त्यामुळे मान खाली घालायची वेळ येत नाही. गुडघा बदलायचा तर बदलून देतात. बोईसरच्या दवाखान्यात आपण दोघी सकाळपासून बाकावर बसलो होतो, आठवतं? तू केसपेपरची घडी घालत होतीस, उलगडत होतीस. दुपारी नंबर लागला तर डॉक्टरांनी काही विचारायच्या आत तूच म्हणालीस, "तसं चालतंय डाक्टर," कारण मागे रांग मोठी होती. इथले म्हातारे उशी सरकली तरी घंटी दाबतात आणि मी पळत जाते. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही. पण हेही सांगते, रविवारी मुलगी भेटायला येणार म्हणून शनिवारपासून कपडे निवडणारी माणसंही इथेच आहेत, आणि पुष्कळदा ती मुलगी येत नाही.

आपल्या दांडी गावात पेन्शन नव्हती, वाटा होता. होड्या किनाऱ्याला लागल्या की नवरा गेलेल्या बायका टोपल्या घेऊन वाळूत एका बाजूला ओळीने बसायच्या. मासळी विक्रीला लागण्याआधी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, प्रत्येकीच्या टोपलीत दोन-दोन ओंजळी टाकायचा. बोंबील असतील तर बोंबील, मांदेली असेल तर मांदेली. कुणी मागायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, असा रिवाजच होता. बाबा तापाने गेले तेव्हा मी सातवीत होते. महिना सरल्यावर तू पहिल्यांदा त्या ओळीत बसलीस आणि मी घरी येताना विचारलं, "आपल्याला हे फुकट कशाला देतात?" तू टोपली डोक्यावर सावरलीस आणि म्हणालीस, "फुकट नाय. तुजा बाप होता तवा त्यानं पन टाकलंय दुसरींच्या टोपलीत. आता आपली पाली हाय." ते बोंबील तू उन्हात सुकवायचीस आणि बोईसरच्या बाजारात विकायचीस. त्यावर मी नर्स झाले. तेव्हा तुझं ते बोलणं मला पटलंही होतं. मग मी शिकले, आणि शहाणी व्हायच्या ऐवजी अतिशहाणी झाले.

माझ्या दुसऱ्या सुट्टीत माझ्याबरोबर इथली एक नर्स आली होती, ती गोरी, उंच, तुझ्या ओट्यावर मांडी घालायला जाऊन धपकन बसलेली. तू तिला काटे काढून मासे भरवलेस. सकाळी ती म्हणाली, मला किनारा दाखव. आम्ही गेलो तर तू ओळीत बसलेली आहेस, शेजारणीला टाळी देऊन कशावर तरी खदाखदा हसते आहेस. तांडेल येतो, तुझ्या टोपलीत ओंजळ टाकतो. ती मला विचारते, या बायकांना मासे का देतात? काय सांगायचं होतं? तुझंच वाक्य तिच्या भाषेत सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "या होडीवर कामाला आहेत. ही त्यांची मजुरी." तिचं समाधान झालं, ती शंख वेचायला लागली. तू माझ्याकडे बघत होतीस. भाषा तुला कळत नव्हती, पण पोटच्या पोरीचा चेहरा वाचायला भाषा कशाला लागते! वाटेत विचारलंस, "ती काय इचारीत होती?" मी म्हणाले, "काय नाय."

त्याच संध्याकाळी मी तुला सांगितलं, "आता किनाऱ्यावर जाऊ नको. गुडघे दुखतात तुझे. मी पाठवते ना सगळं." तू मोरीत टोपली धूत होतीस. म्हणालीस, "गुडघे तर घरी बसून पन दुखतात." तू टोपली उलटी करून ठेवलीस, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "बरं. नाय जानार."

आणि खरंच गेली नाहीस. पुढचं मला तुझ्या दिवसकार्याला आल्यावर शेजारच्या काकूने सांगितलं. काही दिवस तांडेलाने तुझा वाटा घरी पाठवला. तू तो परत पाठवलास, "माजी पोर पाठवते" म्हणून. मग पाठवणं थांबलं. होड्या यायच्या वेळेला तू उंबऱ्यावर येऊन बसायचीस, किनाऱ्यावरच्या बायकांचा आवाज ऐकत. काकू म्हणाली, "बोलवली गं आमी तिला. नुसती गप्पा मारायला ये बोललो. तर ती बोलली, नको, पोरीला आवडत नाय." मला वाटायचं वाटा म्हणजे मासळी. त्यात तुझी ती ओळीतली जागा होती, ती टाळी होती, तुझा नवरा एकेकाळी समुद्रावर जायचा याची रोजची आठवण होती. मी सगळंच बंद केलं. या देशातून मी तुझ्यासाठी स्वेटर आणला, पेनबाम आणला, आणि इथलं एकटेपणही आणून तुझ्या उंबऱ्यावर ठेवलं. दीड वर्षात तू गेलीस. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

ती नर्स अजून माझ्याबरोबरच कामाला आहे. परवा जेवताना म्हणाली, तुमच्याकडे बिचाऱ्या विधवांना काहीच मिळत नाही ना? माझ्या ओठांवर आलं होतं, "मिळतं, तू स्वतः बघितलंयस." पण ते सांगायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागलं असतं. मी पाणी प्यायले आणि विषय बदलला.

हे पत्र मी कुठेच पाठवणार नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं काकूच वाचून दाखवायची, आणि गुडघ्यांचं निमित्त होतं, मला तुझी लाज वाटली होती, हे तिच्या तोंडून तुझ्या कानावर पडलेलं मला चाललं नसतं. तुझ्यासाठी नव्हे गं. तुला ते त्या संध्याकाळीच कळलं होतं. काकूला कळू नये, म्हणून.